मैदानावरचा चष्मा

डोळ्याभोवतीच्या हाडांच्या खोबणीचं तोंड मोठ्या माणसात साधारण ४० मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर उंच असतं. लहान मुलांत ते आणखी लहान. बोटांनी चाचपून पाहिलं तर वर भुवईचं हाड, खाली गालाचं आणि आतल्या बाजूला नाकाचं हाड हाताला लागतं. या कडा पुढे आलेल्या आणि डोळा किंचित मागे, म्हणून धावता धावता मूल दारावर आपटलं तरी मार बहुतेक वेळा हाडाला बसतो आणि डोळा वाचतो. मोठ्या, सपाट वस्तूंसाठी हा बंदोबस्त उत्तम आहे. खेळातल्या पुष्कळ वस्तू मात्र लहान असतात. स्क्वॉशच्या चेंडूचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर, बॅडमिंटनच्या शटलचं बूच २५ ते २८ मिलिमीटरचं, विटीचं टोक तर बोटाएवढं. या वस्तू हाडाच्या कडा चुकवून थेट डोळ्यावर पोचतात. सीझन बॉल सुमारे ७२ मिलिमीटरचा, म्हणून त्याचा बराचसा मार हाडावर जातो. तरी वेगानं आला तर तो हाडच मोडतो. फुटबॉलकडून डोळ्याला धोका नाही असं आपण धरून चालतो, पण आदळताना तोही चेपतो आणि त्याचा एक भाग खोबणीत शिरतो.

म्हणून मुलासाठी खेळाचा चष्मा घ्यायचा ठरलं की दुकानदाराला पहिल्यांदा सांगायची गोष्ट म्हणजे मूल काय खेळतं. नंबर, रंग, कंपनी, किंमत हे सगळं त्यानंतर. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं. शाळेसाठी केलेला चष्माच मैदानावर जातो. फार तर पडू नये म्हणून मागून दोरी बांधली जाते आणि चष्मा आहे म्हणजे डोळा झाकलेला आहे, असं आई-वडिलांना वाटत राहतं.

मार बसल्यावर डोळ्यात काय घडतं हे एकदा समजून घ्यावं; मग चष्म्याच्या दुकानात काय मागायचं ते आपोआप कळतं. पाण्यानं भरलेला फुगा समोरून दाबला तर तो आडवा फुगतो. डोळ्याचं तेच होतं. समोरून चेंडू आदळला की डोळा पुढून मागे दबतो आणि मधल्या भागात ताणला जातो. या ताणानं बुबुळाच्या रंगीत पडद्याच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचतं. मुलाला बसवून ठेवलं तर हे रक्त खाली उतरतं आणि बुबुळाच्या तळाशी लाल रेघ दिसते. दोन-चार दिवसांत बरं वाटू लागतं, नेमकं तेव्हाच पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि दुसरा स्राव पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतो. त्याच ताणानं डोळ्यातलं पाणी बाहेर निघण्याच्या कोपऱ्याला इजा झाली, तर दाब पुढे कित्येक वर्षांनी वाढतो. शाळेत बसलेल्या मारातून कॉलेज संपल्यावर काचबिंदू उद्भवला, असं होऊ शकतं. म्हणून असा मार बसलेल्या मुलाच्या डोळ्याचा दाब नंतरही दरवर्षी तपासून घ्यायचा असतो. भिंग हललं किंवा गढुळलं तर लहान वयात मोतीबिंदू होतो. दृष्टिपटल फाटलं तर ते सुटून येऊ शकतं. उणे ६ च्या पुढचा नंबर असलेल्या मुलांचे डोळे लांबट आणि त्यांचं दृष्टिपटल ताणून पातळ झालेलं असतं, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक.

मुलांच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक असायला हवी. मोठ्यांचं हाड मोडतं तेव्हा तुकडे होतात; मुलांचं हाड लवचिक असल्यानं खोबणीचा तळ झडपेसारखा उघडतो आणि पुन्हा मिटतो. त्या फटीत डोळा हलवणारा स्नायू अडकतो. बाहेरून पाहावं तर डोळा पांढराशुभ्र, सूज नाही, रक्त नाही. मूल मात्र उलट्या करतं, मलूल होतं, नाडी मंदावते, वर पाहायला सांगितलं तर एक डोळा वर जात नाही. ऊन लागलं असेल किंवा डोक्याला मार असेल म्हणून त्याला झोपवून ठेवलं जातं आणि अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तोवर तुटलेला राहतो. डोळ्याजवळ मार बसल्यानंतर उलट्या होत असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं.

आता चष्म्याकडे वळू. काचेच्या भिंगांचे चष्मे मुलांसाठी आता फारसे कुणी बनवत नाही. ज्याला आपण ‘फायबर’ म्हणतो ते बहुतेक वेळा सीआर-३९ हे प्लॅस्टिक असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते तयार झालं; हलकं, स्वच्छ, वाचायला उत्तम. काचेच्या मानानं ते कमी फुटतं इतकंच, पण वेगानं आलेल्या चेंडूनं त्याचेही धारदार तुकडे होतात. दुकानात ‘१.५६ ब्लू कट’ म्हणून जी स्वस्त भिंगं सर्रास दिली जातात तीही मैदानासाठी नाहीत. ‘पातळ काच’ म्हणून मिळणारी १.६७ किंवा १.७४ ची भिंगं जाड नंबर लपवायला चांगली, मार झेलायला नव्हेत.

मैदानासाठी पदार्थ दोनच: पॉलिकार्बोनेट आणि ट्रायव्हेक्स. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये दोन ठिकाणी, एकमेकांच्या नकळत लागला: जर्मनीत बायर कंपनीत हर्मान श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांना. चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याच पदार्थाचा होता. त्याच्या लांबलचक रेणूंना मार बसल्यावर थोडं सरकायला वाव असतो, म्हणून तो तडकण्याऐवजी वाकतो आणि मार पसरवतो. सूर्याची अतिनील किरणंही तो स्वतःच अडवतो, त्यासाठी वेगळा लेप लागत नाही. एक उणीव आहे: नंबर जास्त असेल तर भिंगाच्या कडेनं पाहताना वस्तूंना रंगीत किनार दिसते. काही मुलं त्यामुळे चष्मा टाळतात आणि कारण त्यांना सांगता येत नाही. अशा मुलासाठी २००१ मध्ये आलेलं ट्रायव्हेक्स घ्यावं. ताकद जवळपास तेवढीच, नजर अधिक स्वच्छ, किंमत मात्र जास्त.

दुकानदार ‘अनब्रेकेबल’ म्हणाला म्हणजे पॉलिकार्बोनेट असेलच असं नाही. भिंगं कंपनीकडून कागदी पाकिटात येतात आणि पाकिटावर नंबर, पदार्थ आणि अपवर्तनांक छापलेला असतो. पॉलिकार्बोनेटसाठी ‘पीसी’ किंवा १.५९, ट्रायव्हेक्ससाठी १.५३. चष्मा घेताना ते पाकीट मागून घ्यावं आणि बिलावर पदार्थाचं नाव लिहून घ्यावं. मधोमध जाडी निदान २ मिलिमीटर तरी हवी. स्क्वॉशसारख्या खेळासाठी ३ मिलिमीटरचा आग्रह धरावा. दिसायला छान म्हणून भिंग घासून पातळ करून घेणं मैदानाच्या चष्म्यात चालणार नाही. चकाकी घालवणारा लेप रोजच्या चष्म्याला चांगला, पण तो कडक असतो आणि मार बसला की तडा लेपापासून सुरू होऊन भिंगात उतरू शकतो. खेळाच्या चष्म्याला ओरखडारोधक आणि वाफरोधक लेप पुरेसे आहेत.

इथपर्यंत बरेच पालक पोचतात आणि इथेच थांबतात. नेहमीच्या फ्रेममध्ये पॉलिकार्बोनेट बसवून घेतात आणि काम झालं असं समजतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. भिंग न फुटता फ्रेममधून मागे निसटलं, तर तेच धारदार कडेसह डोळ्यावर जाऊन आदळतं. धातूच्या फ्रेमची कडा भुवई फाडते, नाकावरच्या छोट्या पॅडची तार आत वळते, काडीची बिजागरी तुटते आणि तिचं टोक गालात किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात घुसतं. रिमलेस चष्म्यात तर भिंगालाच भोकं पाडलेली, आणि तडा पहिल्यांदा तिथूनच जातो.

खेळासाठी बनवलेली फ्रेम हातात घेतली की फरक दिसतो. ती एकसंध, जाड पॉलिकार्बोनेटची असते. चांगल्या बनावटीत काड्यांना बिजागरी नसते, किंवा काड्यांऐवजी रुंद इलॅस्टिकचा पट्टाच असतो. नाकावर आणि कपाळाच्या कडेला मऊ रबराच्या गाद्या असतात, म्हणजे चेंडूचा मार डोळ्याऐवजी कपाळ, गाल आणि नाकाच्या हाडांत वाटला जातो. महत्त्वाची गोष्ट आतल्या बाजूला असते. भिंग ज्या खाचेत बसतं तिची मागची कड पुढच्या कडेपेक्षा उंच आणि जाड असते. नख फिरवून पाहा. मागच्या बाजूला स्पष्ट पायरी लागायला हवी. मग दोन्ही अंगठे भिंगाच्या पुढच्या बाजूला ठेवून जोरात दाबा. भिंग जराही मागे सरकता कामा नये. निसटलंच तर ते बाहेरच्या बाजूला निसटावं, अशीच त्या फ्रेमची रचना असते. जी फ्रेम या दाबाला कुरकुरते ती दुकानातच ठेवून यावी. भिंग नसलेल्या, नुसत्या दांड्यांच्या जाळीचे डोळा-रक्षक काही ठिकाणी मिळतात. स्क्वॉशचा चेंडू चेपून त्या फटीतून आत जातो, त्यामुळे ते घेऊ नयेत.

खात्रीसाठी मानकाचा क्रमांक पाहावा. अमेरिकेत निवडक खेळांच्या डोळा-रक्षकांसाठी एएसटीएम एफ ८०३ हे मानक आहे; स्क्वॉश, टेनिससारख्या रॅकेटच्या खेळांसाठी एफ ३१६४, मैदानी हॉकीसाठी एफ २७१३. स्क्वॉशसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८५२७-२ हे आहे. या चाचण्यांत मानवी डोक्याच्या साच्यावर चष्मा चढवतात आणि त्या त्या खेळाचा चेंडू ठरलेल्या वेगानं त्यावर मारतात. भिंग फुटलं, निसटलं किंवा चष्म्याचा कुठलाही भाग साच्याच्या डोळ्याला टेकला तर चष्मा नापास. कारखान्यातल्या गॉगलवर आयएस ५९८३ किंवा झेड ८७ असे आकडे असतात. ते उडणाऱ्या कणांसाठी आहेत, रॅकेटच्या खेळात त्यांच्या भरवशावर राहू नये. क्रिकेटपटूंसारखे दिसणारे गडद गॉगल उन्हापासून वाचवतात, पण त्यांच्यावर यातलं कुठलंही मानक नसेल तर चेंडूसमोर ते साधे गॉगलच.

बॅडमिंटनला आपण निरुपद्रवी समजतो. शटल अवघं ४.७४ ते ५.५० ग्रॅमचं, पिसांचं. त्याच शटलचा स्मॅश सात्विकसाईराज रंकीरेड्डीनं २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगानं मारला आणि तो गिनेसमध्ये नोंदला गेला. पिसांमुळे वेग झपाट्यानं उतरतो हे खरं, पण जाळीपाशी उभ्या असलेल्याला तो उतरायला अंतरच मिळत नाही. संध्याकाळी कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये मुलांची दुहेरी पाहावी. पुढचा खेळाडू जाळीपाशी, मागचा शटल मारतो आहे. आणि त्यानं मारलं की नाही हे बघायला पुढचा वळून मागे पाहतो. त्या क्षणी त्याचा डोळा जोडीदाराच्या स्मॅशच्या आणि रॅकेटच्या रेषेत असतो. मागे वळायचं नाही ही शिकवण आणि डोळ्यावर रक्षक या दोन्ही गोष्टी दुहेरीत हव्यात. एका कोर्टवर सहा-आठ मुलांना उभं करणाऱ्या उन्हाळी शिबिरांत तर नक्कीच. स्क्वॉशमध्ये हा वाद कधीच मिटला आहे: जागतिक संघटनेच्या कनिष्ठ गटाच्या आणि दुहेरीच्या स्पर्धांत डोळा-रक्षक सक्तीचे आहेत.

क्रिकेटमध्ये डोळा जाण्याचा विषय निघाला की यष्टिरक्षक आठवतात. २००० च्या आशिया कपमध्ये ढाक्याला अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर चेंडू सबा करीमच्या डोळ्यावर बसला आणि त्याची कारकीर्द त्या दुखापतीनं संपली. ९ जुलै २०१२ ला टाँटनला दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर यष्ट्यांजवळ उभा होता, फलंदाज त्रिफळाचीत झाला आणि उडालेली बेल त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली. तो पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. दोन्ही वेळा गोलंदाज फिरकी होता. फिरकीला किपर स्टंपाला चिकटून उभा राहतो आणि हेल्मेट काढून ठेवतो, नेमकी तीच वेळ धोक्याची. शाळेच्या संघातल्या किपरनं स्टंपजवळ उभं राहताना हेल्मेट घालावं, यात तडजोड नको.

हेल्मेटमध्येही मुलाचा विचार वेगळा करावा लागतो. ब्रिटिश मानक बीएस ७९२८:२०१३ मध्ये ग्रिल आणि हेल्मेटचं पुढचं टोक यांमधल्या फटीतून चेंडू आत शिरतो का याची चाचणी असते, आणि ती मोठ्यांच्या व लहानांच्या चेंडूसाठी वेगवेगळी घेतात. कनिष्ठ गटाचा चेंडू लहान. मोठ्या भावाचं हेल्मेट धाकट्याच्या डोक्यावर चढवलं तर ते सैल बसतंच, शिवाय मोठ्यांच्या चेंडूपुरती तपासलेली त्याची फट लहान चेंडूला वाट देऊ शकते. आत चष्मा लागणार असेल तर तो पॉलिकार्बोनेटचा, प्लॅस्टिकच्या फ्रेमचा घ्यावा.

सक्तीनं फरक पडतो का, याचं उत्तर अमेरिकेतल्या शालेय हॉकीनं दिलं आहे. तिथल्या माध्यमिक शाळांच्या महासंघानं २०११ पासून मुलींच्या मैदानी हॉकीत डोळा-रक्षक सक्तीचे केले. खेळ धसमुसळा होईल, मुलींची नजर अडेल आणि डोकी आपटतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. नंतरच्या अभ्यासात डोळ्यांच्या दुखापती स्पष्टपणे कमी झालेल्या आढळल्या आणि डोक्याच्या दुखापती वाढल्या नाहीत. कॅनडातही १९७० च्या दशकात टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. टॉम पॅशबी यांनी आइस हॉकीत गेलेल्या डोळ्यांची वर्षानुवर्षं मोजदाद केली, ती आकडेवारी संघटनेपुढे ठेवली आणि चेहऱ्याच्या प्रमाणित जाळ्या मुलांच्या खेळात आणल्या. त्यानंतर मुलांचे डोळे जाणं तिथे जवळजवळ थांबलं. आपल्या जिल्हा संघटनांनी निदान नोंद ठेवायला सुरुवात केली तरी पुष्कळ काम होईल.

आपले देशी खेळ यात सुटत नाहीत. विटी-दांडूत झेल घेणारा समोर तोंड करून उभा असतो आणि दोन्ही टोकांना छिललेली लाकडी विटी त्याच्याच दिशेनं येते. त्याच्या डोळ्यावर पॉलिकार्बोनेटचं रक्षक हवं, आणि लहान मुलांनी रिंगणाच्या बऱ्याच मागे बसावं. कबड्डीत धोका नखांचा आणि कोपराचा असतो; नखं कापलेली हवीत हा तिथला नियमच आहे. दसऱ्याच्या सुमाराला बांबूच्या कामट्यांचे धनुष्यबाण मुलांच्या हाती येतात, त्यांच्यावर मात्र कुठलाही चष्मा उपाय नाही. ते मुलांना देऊच नयेत. पोहण्याचे गॉगल चेंडू अडवत नाहीत, पण त्यांच्यापासूनही इजा होते: ओला गॉगल चेहऱ्यापासून पुढे ओढला आणि हातातून सुटला तर तो इलॅस्टिकच्या जोरावर थेट डोळ्यावर येतो. घालताना आधी डोळ्यांवर बसवून मग पट्टा मागे घ्यावा, काढताना डोक्यामागून पट्ट्यात अंगठा घालून वर उचलावा.

एक गट असा आहे की ज्याच्या बाबतीत वादाला जागा नाही. आळशी डोळा, जन्मजात दोष किंवा जुनी इजा यांमुळे एका डोळ्याची नजर चष्मा लावूनही ६/१२ पेक्षा कमी असेल, तर ते मूल व्यवहारात एका डोळ्यावर खेळतं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांची शिफारस अशी की या मुलांनी डोळ्याला इजेचा धोका असलेल्या प्रत्येक खेळात रक्षक घालावं आणि बॉक्सिंगसारख्या खेळात उतरूच नये. नंबर नसला तरी, बिननंबरी रक्षक. मन्सूर अली खान पतौडी १९६१ च्या मोटार अपघातात एका डोळ्याची नजर गमावूनही भारताचे कर्णधार झाले. एका डोळ्यावर उत्तम खेळता येतं, म्हणूनच तो उरलेला डोळा फार मोलाचा. आपल्या मुलाची दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी किती आहे, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. संघात निवड होते तेव्हाच ती तपासून घ्यावी.

चष्मा बसवताना मुलाला दुकानातच उड्या मारायला, मान झटकायला, वर पाहायला लावावं. हसल्यावर गालांमुळे चष्मा वर उचलला जात असेल तर फ्रेम मोठी आहे. वाढत्या अंगाचे कपडे घेतात तसा हा चष्मा घेता येत नाही, दर मोसमाला माप पाहावं लागतं. वळणदार फ्रेममध्ये नंबरचा परिणाम थोडा बदलतो, त्यामुळे दोन बाहुल्यांमधलं अंतर पुन्हा मोजून भिंगं करून घ्यावीत. नंबर जास्त असेल तर कमी वळणाची फ्रेम घ्यावी. पावसाळ्यात वाफ धरते, तेव्हा वरच्या बाजूला हवेच्या फटी असलेली फ्रेम बरी. टी-शर्टच्या टोकानं भिंग पुसलं की ओरखडे पडतात. साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब घालून धुवावं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि तीव्र द्रावणं पॉलिकार्बोनेट खातात.

मुलं चष्मा घालत नाहीत त्यामागे बहुधा चिडवाचिडवी असते. बास्केटबॉलचे करीम अब्दुल-जब्बार आणि फुटबॉलचा एडगर डेव्हिड्स गॉगल लावून जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंविरुद्ध खेळले. डेव्हिड्सला काचबिंदू होता. त्यांचे फोटो दाखवावेत, रंग मुलालाच निवडू द्यावा आणि सरावाच्या पहिल्या दिवसापासून रक्षक घालायला लावावं, कारण ऐन सामन्यात नवा चष्मा कुणालाच सोसत नाही.

आणि इतकं करूनही मार बसलाच तर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, जबरदस्तीनं उघडायचा नाही, घरातले थेंब घालायचे नाहीत. कागदी कपचा तळ कापून तो कडांच्या हाडांवर टेकेल असा, डोळ्याला न लागता, चिकटपट्टीनं लावावा. डोकं उंच ठेवावं. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, त्यानं रक्तस्राव वाढतो. शस्त्रक्रियेची शक्यता धरून खायला-प्यायलाही काही देऊ नये. चष्म्यानं मार झेलला असेल आणि डोळा ठीक असेल, तर चष्मा उजेडासमोर धरून खाचेच्या कडेनं केसासारखी रेघ दिसते का ते पाहावं. रेघ दिसो वा न दिसो, जोरदार मार खाल्लेलं रक्षक बदलून टाकावं. चांगल्या इंग्लिश विलो बॅटपेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.